काडेपेटी, व्हॉल्वची नळी आणि माळवदाचे घर

सायकल दुरुस्तीच्या दुकानात व्हॉल्ववर चढवायची बारीक रबरी नळी मिळते. काही ठिकाणी तिला ‘व्हॉल ट्यूब’ म्हणतात. काडेपेटीतील लाकडी काडी या नळीच्या भोकात घट्ट बसते. या दोन वस्तू मुद्दाम एकमेकींसाठी केलेल्या नाहीत. पण त्यांची जोडी इतकी चांगली जमते, की त्यातून भूमितीच्या आकृत्यांपासून घराच्या सांगाड्यापर्यंत काहीही उभे करता येते. कात्री, बाभळीचा एक लांब काटा आणि थोडा दोरा एवढेच आणखी लागते. खर्च वीस-पंचवीस रुपयांच्या आतबाहेर. घरी आईवडील, आजीआजोबा यांच्यासोबत एका सुटीच्या दिवशी करण्यासारखे हे काम आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील मुलांनी ते करावे असे आम्हाला विशेष वाटते. त्याचे कारण पुढे येईल. आधी सांधा करायला शिकू.

हे खेळणे अरविंद गुप्ता यांच्यामुळे सर्वत्र पोहोचले. कानपूरच्या आय.आय.टी.तून अभियंता झालेले गुप्ता पुण्याला टेल्कोत नोकरी करत होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करायला गेले. खेड्यातील शाळांमध्ये साध्या साहित्यातून विज्ञान शिकवण्याचा हा कार्यक्रम १९७२ मध्ये सुरू झाला होता. तेथील आठवडी बाजारात मिळणाऱ्या किरकोळ वस्तूंशी खेळता खेळता गुप्तांना काडी आणि नळीची ही जोडी सापडली. पुढे त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले, आणि पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे अशी शेकडो खेळणी मुलांना करून दाखवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मेकॅनोचा लोखंडी संच १९०१ सालापासून जगात आहे. पण तो आपल्याकडे किती घरांत पोहोचला? काडी आणि नळी मात्र कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते.

सांधा कसा करायचा

प्रथम काड्यांची गुले काढून टाकावीत. काड्या थोडा वेळ पाण्यात ठेवल्या की गूल बोटांनी चोळून निघते. नंतर काड्या उन्हात वाळवाव्यात. लहान मुलांच्या हाती गुलासकट काड्या देऊ नयेत. मेणाच्या काड्या चालत नाहीत, लाकडीच हव्यात.

नळीचे दीड ते दोन सें.मी. लांबीचे तुकडे कापावेत. तुकड्याच्या दोन्ही टोकांतून एकेक काडी आत ढकलली की झाला दोन काड्यांचा सांधा. काड्यांची टोके आत एकमेकींना भिडू देऊ नयेत. मध्ये किंचित मोकळी जागा राहिली तर सांधा दाराच्या बिजागरीसारखा वळतो, आणि तेच आपल्याला हवे आहे. तीन काड्यांचा सांधा करायचा तर नळीच्या मधोमध बाभळीच्या काट्याने भोक पाडावे व तिसऱ्या काडीचे टोक ब्लेडने थोडे निमुळते करून त्यात बसवावे. (ब्लेडचे काम मोठ्यांनी करावे.) पहिले चार-सहा सांधे फसतात, नळी फाटते. त्यानंतर मुलांचा हात शिक्षकांपेक्षा चांगला बसतो, हा आमचा अनुभव आहे.

आता तीन काड्या व तीन नळ्यांचा त्रिकोण करावा. चार काड्यांचा चौकोन करावा. पाच काड्यांचा पंचकोनही करून ठेवावा. तिन्ही टेबलावर ठेवून प्रत्येकाचा एक कोपरा बोटाने ढकलावा. चौकोन लगेच कलतो, त्याचा पतंगासारखा समभुज चौकोन होतो आणि शेवटी तो आडवा पडतो. पंचकोन तर होडी, पतंग, घर असे हवे ते रूप घेतो. त्रिकोण हलत नाही. कितीही ढकला, काडी मोडेल नाहीतर नळी निसटेल, पण आकार बदलणार नाही. तीन बाजूंच्या लांब्या ठरल्या की त्रिकोण एकच होतो, हे विधान पाठ्यपुस्तकात ‘बाबाबा कसोटी’ या नावाने येते. येथे ते बोटांना कळते.

मुलांना पुढचा प्रश्न विचारावा: चौकोन घट्ट करायचा तर काय करावे? बहुतेक मुले लगेच म्हणतात, आडवी काडी घाला. येथे एक गंमत आहे. चौकोनाची बाजू सांध्यासकट ५ सें.मी. असेल तर कर्ण सुमारे ७ सें.मी. येतो. (पायथागोरस येथे आपोआप भेटतो.) एका काडीने तो पुरत नाही. म्हणून मुले दोन काड्या नळीने जोडून कर्ण करतात, आणि चौकोन पुन्हा ढेपाळतो. का? कर्णाच्या मध्येच एक बिजागरी बसली! कर्ण अखंड हवा. त्यासाठी खराट्याची काडी योग्य लांबीची कापून तिची दोन्ही टोके दोऱ्याने कोपऱ्यांना बांधावीत. खराट्याच्या काडीऐवजी ताणलेला दोरा बांधून पाहावा. दोरा एका बाजूच्या ढकलण्याला दाद देत नाही, दुसऱ्या बाजूच्या ढकलण्याला मात्र सैल पडतो. दोऱ्याने काम भागवायचे तर फुलीसारखे दोन दोरे लागतात. ताण आणि दाब यांतील फरक सांगायला यापेक्षा स्वस्त साधन आम्हाला माहीत नाही.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी एक सूत्र. सपाट आकृती घट्ट होण्यासाठी निदान किती काड्या लागतात? सांध्यांच्या संख्येची दुप्पट करून त्यातून ३ वजा करा. त्रिकोणाला ३ सांधे, म्हणून ३ काड्या. चौकोनाला ४ सांधे, म्हणून ५ काड्या: चार बाजू आणि एक कर्ण. पंचकोनाला ७. त्रिमितीत सांध्यांची तिप्पट करून ६ वजा करायचे. चार त्रिकोणी बाजूंच्या चतुष्फलकाला ४ सांधे आणि बरोबर ६ काड्या असतात, म्हणून तो आपोआप घट्ट असतो. घनाला ८ सांधे असतात. काड्या लागतात १८, पण कडा असतात १२. कमी पडलेल्या सहा काड्या म्हणजे सहा बाजूंवर एकेक कर्ण. ही मोजणी जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६४ मध्ये मांडली. विजेच्या आणि चुंबकाच्या समीकरणांमुळे आपल्याला माहीत असलेले हेच ते मॅक्सवेल. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की संख्या पुरी झाली म्हणजे काम झाले असे नाही. एकाच बाजूवर दोन कर्ण घातले आणि दुसरी बाजू मोकळी सोडली, तर हिशोब जुळतो आणि घन तरी डुलतो.

चार खांबांचे घर

आता घन म्हणजे घर समजू. तीन काड्यांचे आठ सांधे आणि बारा काड्या घेऊन घन करावा. खालच्या चार काड्या जाड पुठ्ठ्याला दोऱ्याने पक्क्या बांधाव्यात. हा झाला पाया. उभ्या चार काड्या म्हणजे खांब, वरच्या चार म्हणजे तुळया.

मोठ्या परातीत दहा-बारा गोट्या पसरून त्यांवर परीक्षेचे लिहायचे पॅड ठेवावे. घर पुठ्ठ्यासकट पॅडवर चिकटपट्टीने बसवावे. वरच्या चार कोपऱ्यांवर सुपारीएवढे ओल्या मातीचे गोळे दाबून लावावेत आणि पॅड हाताने मागेपुढे हलवावे. ही आपली भूकंपाची जमीन. बिनकर्णाचे घर दोन-तीन हेलकाव्यांत झोपते. बऱ्याचदा गोळे लावतानाच झोपते.

येथून पुढचा भाग मुलांनी स्वतः शोधावा असा आहे, म्हणून उत्तर आधी सांगू नये. या घराला कमीत कमी किती कर्ण लागतील, आणि ते कोठे? आधी छताला एक कर्ण बांधायला सांगावे. मग एका भिंतीला. त्या भिंतीच्या दिशेने घर स्थिर होते, आडव्या दिशेने डुलतच राहते. मुले मग समोरच्या भिंतीला कर्ण बांधतात, कारण ते दिसायला नीटनेटके वाटते. उपयोग होत नाही. दोन्ही भिंती एकाच दिशेला सांभाळतात, दुसरी दिशा उघडीच. त्याऐवजी लगतच्या दोन भिंतींना कर्ण बांधले तर घर दोन्ही दिशांनी सरळ डुलायचे थांबते, पण एक नवी गोष्ट दिसते: छत त्या दोन भिंतींच्या कोपऱ्याभोवती पिळवटल्यासारखे फिरते. तिसऱ्या भिंतीला कर्ण बांधला की तेही थांबते. तीन भिंती आणि एक छत असे चार कर्ण. चौथी भिंत मोकळी राहिली तरी चालते, म्हणजे दारासाठी जागा झाली. वरचे चार सांधे मोकळे, प्रत्येकाला हलायला तीन दिशा, मिळून बारा. काड्या आठ आणि कर्ण चार, मिळून बारा. हिशोब जुळला.

छताचा कर्ण काढून पाहायला विसरू नये. तीन भिंती मजबूत असूनही घर पुन्हा वेडेवाकडे होते. भिंती एकमेकींना बांधून ठेवण्याचे काम छत करत असते, हे मोठ्या माणसांनाही सहसा ठाऊक नसते.

३० सप्टेंबर १९९३

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटे झाली होती. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यांतील औसा व उमरगा तालुक्यांची गावे यात सापडली. बावन्न गावे पार उद्ध्वस्त झाली. मृतांचे आकडे वेगवेगळे दिले जातात. ते आठ हजार ते दहा हजारांच्या दरम्यान आहेत. भूकंपाचे माप ६.२ च्या आसपास होते. एवढ्याच मापाचे भूकंप जपानमध्ये होतात तेव्हा बहुधा मृतांची संख्या मोजकी असते. किल्लारीत इतकी माणसे का गेली?

याचे उत्तर घरांत आहे, आणि ते आपल्या पुठ्ठ्यावरच्या खेळण्यात जवळजवळ पुरे दिसते.

या भागातील जुने घर माळवदाचे. आत लाकडी खांब आणि तुळया, त्यांवर सर, फळ्या किंवा बांबू, आणि त्यावर मातीचा जाड थर. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा माळवदाखाली गारवा असतो. सिमेंटच्या स्लॅबखाली राहणाऱ्यांना तो हेवा वाटावा असा असतो. म्हणून या घराला वाईट म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. पण पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी दरवर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर देण्याची रीत होती. जुना थर सहसा कोणी काढत नसे. आजोबांच्या वेळी वीतभर असलेले माळवद नातवाच्या वेळी दोन फूट, कधी अडीच फूट झाले.

दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोली घेऊ. माळवद दोन फूट, म्हणजे सुमारे ६० सें.मी. जाड. माती सुमारे साडेपाच घनमीटर झाली. एक घनमीटर दाबलेल्या मातीचे वजन १,६०० ते १,८०० किलो धरले तर डोक्यावर नऊ टनांहून अधिक ओझे! उसाने भरलेली ट्रॅक्टरची एक ट्रॉली घरावर चढवून ठेवल्यासारखे. शांत उभ्या घराला हे ओझे पेलते, कारण ते सरळ खाली जाते आणि खांब दाबाला पक्के असतात. भूकंपात जमीन आडवी हलते. पाया जमिनीबरोबर जातो, माळवद मात्र जडत्वामुळे जागीच राहू पाहते. घराला ही ओढ आडव्या धक्क्यासारखी लागते, आणि धक्का वस्तुमानाच्या प्रमाणात असतो. जमिनीचा त्वरण गुरुत्वत्वरणाच्या एक पंचमांश आहे असे समजले, तर नऊ टनांच्या माळवदावर जवळपास पावणेदोन-दोन टनांचा आडवा जोर येतो. तोच थर २० सें.मी. असता तर ओझे तीन टन आणि जोर सहाशे किलो. न्यूटनचा दुसरा नियम नववी-दहावीला शिकवताना गाडी ढकलणाऱ्या माणसाऐवजी हे उदाहरण घ्यावे. खेळण्यातही ते दिसते: सुपारीच्या जागी लिंबाएवढे गोळे लावले की कर्ण बांधलेले घरसुद्धा लचकू लागते.

आणि सांधे? खांबाचे टोक तुळईच्या खाचेत नुसते बसवलेले असते. म्हणजे तो सांधा आपल्या रबरी नळीचा थोरला भाऊ. खाली दाब असेपर्यंत ठीक; आडवे ढकलले की बिजागरीसारखा वळतो. कर्ण नसलेला चौकोन आपण बोटाने पाडला होता, तोच येथे आहे. तरीही किल्लारी परिसरात काही घरांत एक गोष्ट पाहणाऱ्यांना दिसली: भिंती ढासळल्या, पण आतला लाकडी सांगाडा व माळवद उभे राहिले. लाकूड हा दोषी नव्हता. चांगले जोडलेले लाकूड भूकंपात पुष्कळ सोसते.

भिंतींची कहाणी वेगळी आहे. दोन ते चार फूट रुंदीची दगडी भिंत पाहून कोणालाही ती किल्ल्यासारखी वाटेल. पण बहुतेक ठिकाणी ती एक भिंत नसते, दोन असतात. आतला एक थर, बाहेरचा एक थर, मध्ये दगडाच्या चिपा आणि माती, बांधकाम मातीचे. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचित. भूकंपात मधला भराव खाली बसतो, दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येते आणि ती आत व बाहेर अशी दोन्हीकडे पडते. आत माणसे झोपलेली होती.

हाही प्रयोग घरी करता येतो, फक्त चिखलाची तयारी हवी. रस्त्यावरची बारीक खडी आणि माती घेऊन वीतभर लांब, पाच-सहा सें.मी. रुंद आणि बारा सें.मी. उंच अशा दोन भिंती दोन फळ्यांवर बांधाव्यात. दोन्हींत बाहेरचे व आतले थर वेगळे रचून मध्ये चुरा भरावा. दुसऱ्या भिंतीत मात्र दर तीन-चार सें.मी. उंचीवर पूर्ण रुंदीभर पोहोचेल असा फरशीचा किंवा कौलाचा चपटा तुकडा घालत जावे. दोन-तीन दिवस वाळू द्यावे. मग एकेक फळी गोट्यांवर ठेवून भिंतीच्या रुंदीच्या दिशेने हलवावी. पहिली भिंत उभी चिरते. दुसरी बराच वेळ टिकते, आणि पडली तरी थर सुटून पडत नाही. हा प्रयोग मुलींनी आणि मुलांनी गट करून केला तर उत्तम. घरात कोणी गवंडीकाम करणारे असेल तर त्यांना बोलवावे. आरपार दगडाबद्दल ते बोलू लागले की पुस्तक मिटून ठेवायला हरकत नाही.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने महाराष्ट्र शासनाने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबवला. गावे हलवून नवी वसवली गेली, याची चर्चा खूप झाली. त्याच कार्यक्रमात लाखाहून अधिक घरांची जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुतीकरणही झाले. त्याची चर्चा कमी होते. त्यासाठी सुचवलेले उपाय पाहा: माळवदाची माती कमी करून सुमारे २० सें.मी. वर आणणे, खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात लाकडाचा तिरका तुकडा ठोकणे, भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरणे, भिंतींच्या माथ्यावर चारही बाजूंनी काँक्रीटची पट्टी फिरवून त्या एकमेकींना बांधणे. पहिला उपाय म्हणजे मातीचे लहान गोळे. दुसरा म्हणजे कर्ण. पुरा कर्ण घातला तर माणसाला वावरता येणार नाही, म्हणून कोपऱ्यात छोटा त्रिकोण. भिंतीवरच्या फळीखाली ब्रॅकेट असते तसा. तिसरा म्हणजे कौलाचा तुकडा. चौथ्याचे काम आपल्या छताचा कर्ण करतो. मुलांनी खेळता खेळता शोधलेले चारही उपाय अभियंत्यांच्या यादीत आहेत, हे त्यांना प्रयोगानंतर सांगावे, आधी नको.

भूकंपानंतर ‘दगडमाती वाईट, सिमेंट चांगले’ असा समज खोलवर रुजला. आमच्या मते तो अर्धाच खरा आहे. सळया नीट न बांधता, कच्च्या काँक्रीटच्या खांबांवर टाकलेला जड स्लॅब हेही एक प्रकारचे माळवदच. प्रश्न वजनाचा आणि बांधणीचा आहे, साहित्याचा नंतर.

हरभऱ्याचा सांधा

सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत कर्ण दिसत नाहीत, मग त्या कशा उभ्या राहतात? हा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतोच. त्याच्यासाठी वेगळा सांधा करावा. हरभरे रात्रभर भिजत घालावेत आणि काड्यांची टोके निमुळती करून त्यांत टोचावीत. चौकोन करावा, घन करावा. ओला असताना तो नळीच्या चौकोनासारखाच लेचापेचा असतो. दोन दिवस उन्हात वाळला की हरभरा आकसून काडीला चावतो, आणि तोच चौकोन कर्णाशिवाय उभा राहतो. येथे कोपराच वळायला तयार नाही. काँक्रीटचा सांगाडा या तत्त्वावर उभा असतो, म्हणून खांब आणि बीम जेथे भेटतात तेथील सळयांना इतके महत्त्व. अशा चौकोनाला जोराने ढकलले तर तो सांध्यातच फुटतो. फुटलेला हरभरा मुलांना दाखवावा.

भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या टोचण्याचा हा खेळ नवा नाही. बालवाडीची कल्पना मांडणारे जर्मन शिक्षक फ्रेडरिक फ्रोबेल यांनी एकोणिसाव्या शतकात तो मुलांच्या खेळांत घातला होता. आणि आपल्याकडे ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी कोणत्या आजोबांनी केली नसेल? धांड्याची साल सोलून काढायची, आतल्या मऊ भेंडाचे तुकडे करायचे आणि सालीच्या चोया त्यांत टोचून गाडी, चष्मा, भिंगरी जोडायची. भेंड हा सांधा, चोई ही काडी. रब्बीची ज्वारी निघाली की शाळेतल्या मुलांना धांडे आणायला सांगावे. हातभर उंचीचे घर त्यात सहज होते. सोयाबीन आल्यापासून ज्वारीचा पेरा घटला आहे, तरी एखादी पेंढी मिळतेच. सालीची धार कापते, तेवढी काळजी घ्यावी. आजोबांना सोबत बसवले तर तेही साधते.

लातूर जिल्ह्यात आजीआजोबांना सोबत बसवताना एक भान ठेवावे. काही घरांत त्या पहाटेची आठवण अजून ओली आहे. शिक्षकांनी आधी घरी विचारून घ्यावे, आणि जे बोलू इच्छितात त्यांच्याकडूनच मुलांनी ऐकावे. भिंत कोणत्या बाजूला पडली, माळवद आधी आले की भिंत, खांब उभे होते का, हे त्यांनी पाहिलेले असते. ती माहिती कोणत्याही पुस्तकापेक्षा मोलाची आहे. मुलांनी ती वहीत तारखेसह लिहून ठेवावी.

विज्ञान प्रदर्शनाबद्दल थोडे. अशा वस्तू रंगीत कागद चिकटवून, काचेच्या पेटीत ठेवून, खाली ‘हात लावू नये’ लिहिलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. हे घर पडण्यासाठीच केलेले आहे. परात, गोट्या आणि न बांधलेले कर्ण टेबलावर ठेवावेत आणि येणाऱ्याला हलवू द्यावे. गुण मिळोत न मिळोत.

नांदेडच्या वाचकांना वाटेल की हा विषय लातूरचा. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ मापाचे धक्के नांदेड शहरातही जाणवले, हे अनेकांना आठवत असेल. किल्लारीलाही १९९२ च्या पावसाळ्यात लहान धक्के बसू लागले होते आणि त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला ४.५ मापाचा धक्का बसला होता. यावरून लगेच निष्कर्ष काढू नये. बहुतेक लहान धक्क्यांमागून मोठा भूकंप येत नाही, आणि कोठे कधी येईल हे सांगण्याची विद्या अजून कोणाकडेही नाही. पण १९९३ पूर्वी भूकंपाच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा तो पट्टाच काढून टाकण्यात आला. घर तपासायला धक्क्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

म्हणून खेळणे झाल्यावर विद्यार्थ्यांनी आपल्या किंवा शेजारच्या जुन्या घराची पाहणी करावी. उजेडासाठी माळवदाला ठेवलेल्या साण्यापाशी मातीची जाडी मोजता येते. मात्र ते मोठ्या माणसाने मोजावे. खोलीची लांबी-रुंदी घेऊन मातीचे वजन काढावे. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यांत तिरके तुकडे किती आहेत ते मोजावे. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला पोट आहे का, कोपऱ्यात उभी भेग आहे का, ते ओळंबा लावून पाहावे. जाडी एक फुटापेक्षा जास्त निघाली तर घरच्यांनी पंचायत समितीच्या अभियंत्याचा किंवा जाणत्या सुताराचा सल्ला घ्यावा. माती एकाच बाजूने उपसू नये, त्याने तुळयांवर तिरका भार येतो. सर्व बाजूंनी थोडी थोडी काढावी. आणि मृगाआधी नवा थर द्यायचा असेल, तर निदान तेवढाच जुना थर आधी खरवडून खाली टाकावा.